सर्व्हिसच्या धंद्यात बाहेरचे भागीदार घ्यावेत काय?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन दुरुस्तीचं वर्कशॉप हाय. ओळखीपाळखीचे सगळे फाउंड्रीवालेच, नवीन काही सुचेना.

उत्तर: घ्या की! आमच्या टूरच्या गाड्या. चोर्ला घाटातून गोव्याची भाडी मारायची, एवढाच धंदा. मग पणजीचा हॉटेलवाला आणि हुबळीचा सॉफ्टवेअरवाला पोरगा जोडला. पाहुणे खोली सोडून गाडीची वाट बघत लॉबीत बसतात, हे हॉटेलवाल्यानं सांगितलं. पोरानं खोली-गाडी एकाच बुकिंगात बसवली. (पोराला मराठी कमी, आमचं कन्नड तसंच. चाललं.)

उत्तर: ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच मांडलं: जवळच्यांना आपल्याचसारखं ठाऊक असतं, नवी खबर तोंडओळखीतून येते.

प्रश्नकर्ता: बरं, पण हिशेब कोण ठेवतंय?

उत्तर: हॉटेलवाला. त्यावरून भांडतोय अजून.