आर्कजेटच्या प्लाझ्मावर अजून किती वर्षं घालवायची?

कक्षाभ्रमण: स्पष्टच लिहितो, आर्कजेटचा, म्हणजे विजेच्या आर्कने वायू तापवून झोत सोडणाऱ्या उपग्रहाच्या छोट्या इंजिनाचा, जमाना गेला. डिसेंबर १९९३मध्ये सोडलेल्या टेलस्टार ४०१ उपग्रहाला जागेवर धरून ठेवायला हायड्रेझिन या इंधनावर चालणारे १.८ किलोवॉटचे आर्कजेट होते. विशिष्ट आवेग (इंधन किती किफायतीने वापरलं याचं माप) ५०० सेकंदांच्या आसपास. साध्या हायड्रेझिन थ्रस्टरच्या दुप्पट, म्हणून तेव्हा कौतुक. आज हॉल थ्रस्टर, म्हणजे झेनॉन वायूचे विद्युतभारित कण विजेने फेकणारं इंजिन, १५०० सहज देतो. इस्रोनेही २०१७मध्ये जीसॅट-९वर झेनॉनवालीच यंत्रणा नेली. आर्कजेटमध्ये निम्म्याहून जास्त वीज वाया जाते हे कधीच कळलंय, मग आता त्याच्या प्लाझ्मावर, म्हणजे आर्कमधल्या तापून विद्युतभारित झालेल्या वायूवर, पीएचड्या कशासाठी?

तप्तमुद्रा: असहमत. वाया जाते हे कळलंय, पण कुठे आणि कशी? नोझलच्या एक मिलिमीटरही रुंद नसलेल्या गळ्यातून आर्क जातो. मधोमध दहा हजार केल्व्हिनच्या वर, भिंतीलगत एक-दोन हजार. वायूचे रेणू फोडण्यात ऊर्जा जाते, आणि नोझलमधून तो इतक्या झपाट्याने सुटतो की अणूंना पुन्हा जुळायला फुरसतच मिळत नाही. ती ऊर्जा रेटा न देताच बाहेर! त्यात इलेक्ट्रॉनांचं तापमान वेगळं, जड कणांचं वेगळं. दोन्ही एकच धरून गणित केलंत तर भिंतीजवळच्या थंड वायूतून वीज जाऊच शकत नाही असं उत्तर येतं. प्रत्यक्षात ती जाते.

कक्षाभ्रमण: जाऊ दे की. उपग्रह हलला म्हणजे झालं.

तप्तमुद्रा: आर्क धनाग्राला (नोझलची भिंतच ती) कुठे चिकटतो यावर थ्रस्टरचं आयुष्य ठरतं हो. गळ्यापुढच्या रुंद भागात चिकटला तर ठीक. गळ्यातच चिकटला की टंगस्टन वितळतं, आणि पेटवताना नेमकं हेच होतं. हे कळायला धनाग्राचे तुकडे करून प्रत्येकातला प्रवाह मोजावा लागला, हायड्रोजनच्या प्रकाशातल्या वर्णरेषा किती रुंदावल्या त्यावरून इलेक्ट्रॉनांची घनता काढावी लागली.

नऊ_आणे: पैशाचं कुणी बोलतच नाही. हवेच्या कोटीभर भागांत झेनॉनचा एखादा भाग, आर्कजेटला चालणारा अमोनिया मात्र खताच्या कारखान्यात टनांनी. शिवाय तेवढ्याच विजेत आर्कजेटचा रेटा हॉलच्या दुपटीच्या घरात. घाईचं काम असेल तर? १९९९मध्ये आर्गोस उपग्रहावर २६ किलोवॉटचा अमोनिया आर्कजेट चालवला होता, विशिष्ट आवेग ७८६.

कक्षाभ्रमण: आर्गोस काढलात ते बरं झालं. आठ वेळा पेटवला, सगळा मिळून अर्ध्या तासाच्या थोडा वर, मग बॅटरीने मान टाकली.

नऊ_आणे: बॅटरीचं पाप आर्कजेटच्या माथी मारू नका.

कक्षाभ्रमण: पण २६ किलोवॉट आणायचे कुठून, हा प्रश्न त्याचाच ना?

तप्तमुद्रा: तो राहतोच, मान्य. पण तिरुअनंतपुरमला इस्रोच्या केंद्रात यानांची उष्णताकवचं तपासायला आर्कने तापवलेलाच झोत वापरतात. तिथेही असमतोलातला, इलेक्ट्रॉन आणि जड कणांचं तापमान वेगळं असलेला प्लाझ्मा, तीच समीकरणं.

कक्षाभ्रमण: मग निधी उष्णताकवचाच्या खात्यातून मागा. थ्रस्टरच्या नावावर कशाला?