प्रतिसाद: संशोधनाचा पैसा कोण ठरवतं?
वर म्हटलंय की अमेरिकेत रस्ते-संशोधनाचा सगळा पैसा वॉशिंग्टनच, म्हणजे केंद्र सरकारच, ठरवतं. हे अर्धंच खरं आहे. राज्यांना मिळणाऱ्या मुख्य केंद्रीय महामार्ग निधीतले २ टक्के नियोजन-संशोधनासाठी राखीव असतात आणि त्यातला किमान चौथा हिस्सा संशोधनावरच खर्च करावा लागतो. विषय राज्य निवडतं. एरवी खर्चातला २० टक्के वाटा राज्याचा. पण अनेक राज्यांनी सामायिक प्रकल्प केला तर मंजुरीने तो माफ होऊ शकतो. लहान राज्यांनी हा मार्ग धरावाच.

खरी अडचण मुदतीची आहे. निधीचा कायदा जेमतेम पाच-सहा वर्षांचा, पेव्हमेंटचं, म्हणजे रस्त्याच्या पक्क्या थरांचं, आयुष्य त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच १९८७ साली सुरू झालेला पेव्हमेंटच्या दीर्घकालीन निरीक्षणाचा कार्यक्रम २० वर्षांचा आखला होता. मध्ये निधीअभावी दोन वर्षं रस्त्याच्या स्थितीची मोजणी थांबली, तर भेग नेमकी कधी पडली हे नंतर कितीही पैसे ओतले तरी कळत नाही.