चर्चमध्ये दर महिन्याला शास्त्रीय गायनाची सभा: आवाज फार घुमतो, काय करावं?

षड्ज_इंदूर

नमस्कार मंडळी. मी लोकमान्य नगरात राहते, घरी गाणं शिकवते. शहरातल्या एका जुन्या कॅथलिक चर्चच्या फादरांनी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी शास्त्रीय गायन-वादनाची सभा घ्यायला त्यांचं प्रार्थनागृह देऊ केलंय. भाडं नाही. तिकीट लावायचं नाही आणि आठला आवरायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मला ही जागा मनापासून हवी आहे. इंदुरात मोठे कार्यक्रम होतात, बाहेरचे कलाकार येतात, श्रोतेही दर्दी आहेत. पण इथं शिकणाऱ्या मुलांना तासभर बसून एक राग मांडायला जागा कुठे आहे? स्पर्धेत सात-आठ मिनिटं मिळतात. तेवढ्यात बंदिश म्हणून होते, राग होत नाही. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी कुणीतरी गातंय, हे एकदा लोकांच्या अंगवळणी पडलं की ऐकणारे आपोआप तयार होतात, असं मला ठामपणे वाटतं.

अडचण आहे ती घुमण्याची. काल तंबोरा घेऊन एका विद्यार्थिनीला सोबत नेलं. दगडी भिंती, उंच छत, खाली गुळगुळीत फरशी. जवारी (तारेचा झणकार) नीट लागली आणि खर्जाच्या तारेतून गंधार असा स्वच्छ उमटला की आम्ही दोघी काही वेळ नुसत्या छेडतच बसलो. मग तिनं भूप रागाची द्रुत, म्हणजे जलद, चीज घेतली. ताना एकमेकींत मिसळून गेल्या, आणि डग्ग्याचा तर नुसता गडगडाट.

माईक लावावा का? बाकं आहेत, ती हलवून खाली बैठक करावी का? आणि आपल्या बंदिशींत कान्हा असतो, हरी असतो, अल्लाही असतो. त्यांच्या प्रार्थनेच्या जागी हे कसं घ्यायचं? फादर मोकळ्या मनाचे आहेत, पण त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये.

लष्करचा_श्रोता (ग्वाल्हेर)

ताई, आधी अभिनंदन. जागा सोडू नका. पण आमच्या ग्वाल्हेर गायकीचा विचार केला तर काळजी वाटते. मध्य लयीत बंदिश भरायची, मग बोल-ताना, सपाट ताना, वर टप्पा, म्हणजे झपाट्याच्या तानांचा गानप्रकार. टप्प्याची दाणेदार तान घुमणाऱ्या खोलीत गेली की तिचा दाणाच राहत नाही. असं गाणारा कुणी असेल तर सरळ शेजारच्या साध्या खोलीत बसवा. चर्चला असेल एखादी.

जुना_ध्वनिमुद्रक

मी रेडिओच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम केलंय, म्हणून थोडं हिशेबानं सांगतो.

द्रुत तीनताल २४० मात्रांच्या गतीला धरा, म्हणजे सेकंदाला चार मात्रा. दुगुणीतली, मात्रेला दोन स्वरांची, तान म्हणजे सेकंदाला आठ स्वर. तुमच्या सभागृहात आवाज विरायला तीन सेकंद लागत असतील, तर नवा स्वर लागतो तेव्हा आधीचे तेवीस-चोवीस स्वर अजून हवेतच असतात. मग मिसळणारच. याउलट अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झूमरा ताल घ्या. १४ मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. तिथं तेच घुमणं स्वराला आधार देतं. युरोपातल्या जुन्या दगडी चर्चमधलं एकसुरी प्रार्थनागान संथ असतं, त्यालाही तीच जागा मानवते.

आणि तुम्ही तर अमीर खाँसाहेबांच्या इंदूरच्या. अतिविलंबित झूमऱ्यात सावकाश, मेरुखंडाच्या (स्वरांच्या वेगवेगळ्या क्रमांच्या) अंगानं एकेक स्वर उलगडणारी बढत हाच त्यांच्या गायकीचा कणा. त्यांचा मारवा राग मनात आणा आणि सांगा, या जागेसाठी दुसरं काय शोधायचं? जागेला साजेसं गाणं निवडा. जागेला गाण्याप्रमाणे बदलणं फार महाग पडतं.

तरी थोडी डागडुजी करता येते. फरशीवर जाड सतरंज्या किंवा जाजम अंथरा. गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर गोधड्या नाहीतर जाड पडदे सोडा. माणसं आली की त्यांचे कपडे आणि अंगही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या सभागृहात ऐकलंत तेवढं वाईट भरल्यावर राहणार नाही. मोठे स्पीकर मुळीच नकोत, त्यांनी छताकडे आणखी आवाज जातो. दीडशेपर्यंत माणसं असतील तर माईक न लावता करून बघा. मागे ऐकू येत नसेल तर छोटे स्पीकर, श्रोत्यांच्या जवळ, हळू आवाजात. तबलजींना डग्ग्यावर हात हलका ठेवायला सांगा. लष्करवाल्यांचं टप्प्याबद्दलचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं.

वेदीसमोरचा

मी ख्रिस्ती आहे, इंदूरचाच. तिकीट नको ही अट फादरांच्या मनची नसावी. चर्चमधल्या मैफलींबद्दल व्हॅटिकनचं १९८७ सालचं एक पत्र आहे. त्यात प्रवेश मोफत असावा, कलाकारांनी वेदीच्या भागात बसू नये, वेषात आणि वागण्यात जागेचा मान राखावा असं म्हटलंय. संगीतही धार्मिक प्रेरणेचं असावं असं त्यात आहे, म्हणून बंदिशींचे शब्द आधी फादरांना दाखवा. लपवाछपवी नको, मोकळेपणी विचारा. आलाप आणि तराणे यांत अर्थाचे शब्द नसतात, त्यांत अडचण येण्याचं कारण दिसत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळींच्या परिचयाचे आहेत, त्यातला एखादा तुमच्या मुलांनी रागात बांधून म्हटला तर आमची म्हातारी माणसंही येऊन बसतील. बाकं हलवायची तर फादरांना विचारूनच. डिसेंबरात नाताळची तयारी असते, त्या महिन्यात सभा ठेवू नका.

षड्ज_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा तेवीस-चोवीस स्वरांचा हिशेब मुलींना वहीत लिहून दिला, ताना का मिसळतात ते लगेच कळलं.

असं ठरवलंय: बैठक वेदीच्या पायऱ्यांखाली, समोर जाजम, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मागची बाकं तशीच. विलंबित ख्याल, तराणा, जमेल तेव्हा धृपद. टप्पा आणि द्रुत ताना घरच्या वर्गात. वेळेचाही विचार केला. इथं डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. म्हणजे साडेसहाला सुरू केलं तर उन्हाळ्यात मारवा, पूरिया धनाश्री हे सूर्यास्ताचे राग वेळेवर गाता येतील आणि हिवाळ्यात त्यानंतरचा यमन. एकाच जागी, एकाच वेळी वर्षभर बसून मुलांना हे आपोआप शिकता येईल. टिळकांच्या अभंगाचं फादरांना सांगितलं, ते लगेच हो म्हणाले.

आता एक विनंती. धृपदासाठी पखवाज हवा. थोर पखवाजवादक नाना पानसे याच इंदुरातले, तरी माझ्या ओळखीत पखवाज शिकणारं आज कुणी नाही. नवखा असला तरी चालेल, धृपदाचा चौताल नीट धरता आला म्हणजे झालं. कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा.