दिखाऊ, देखावा आणि पारणं

परवा लेकीबरोबर 'अ‍ॅव्हेंजर्स : एण्डगेम' हा सुपरहिरोंचा सिनेमा पुन्हा पाहिला. त्यावर चार ओळी खरडताना शेवटच्या लढाईला मी 'दिखाऊ' म्हटलं. लेक म्हणाली, "आई, ती दाखवायलाच केलीय, मग दिखाऊ म्हणजे शिवी का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कथेपेक्षा भव्यतेवर भर असेल तर नेमका शब्द कोणता? 'नेत्रदीपक' नको, तो वर्तमानपत्रांनी पार झिजवलाय.

▪ दिखाऊ म्हणजे आत काही नाही, नुसतं वरवरचं. तो शब्द वापरलात की निकालच दिलात. 'देखावा' बघा. देखावा 'करणं' हे ढोंग. पण गणपतीत आपण देखावे 'बघायला' जातो, त्यात कमीपणा कुठंय? क्रियापद बदललं की शब्दाची लायकी बदलते. आणि मंडळाच्या देखाव्यापुढे "पुढे काय होतं?" असं कुणी विचारत नाही, गोष्ट आधीच ठाऊक असते. एण्डगेम हा मार्व्हलच्या सिनेमांच्या मालिकेतला २२वा सिनेमा, पहिला 'आयर्न मॅन' २००८चा. लढाईपर्यंत पात्रांची ओळख करून द्यायचं काही उरलेलंच नव्हतं.

▪ मी 'डोळ्यांचं पारणं फिटलं' म्हणेन. पारणं म्हणजे उपास सोडणं, तेव्हा आधी उपास हवा. कॅप्टन अमेरिका फुटक्या ढालीचा पट्टा आवळून एकटा उभा आहे, कानात त्याच्या साथीदाराचा, सॅमचा आवाज येतो, डावीकडे सोनेरी वर्तुळ उघडतं आणि आधीच्या, २०१८च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये खलनायक थॅनोसमुळे धूळ झालेली माणसं चालत बाहेर येतात. प्रेक्षक वर्षभर उपाशी होते हो! ज्याने आधीचं काहीच पाहिलं नाही त्याला तीच गर्दी नुसता गोंगाट वाटेल. त्याचंही चूक नाही.

▪ (मूळ प्रश्नकर्ती) पारणं पटलं, घेतलं. पण विचाराचं काय? शेवटची लढाई नुसती हाणामारी आहे, हे माझं मत कायम. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसींनी २०१९मध्येच अशा सिनेमांना थीम पार्कची उपमा दिली होती.

▪ शेवटाबद्दल निम्मं मान्य. पण सुरुवात आठवा. नायकांपैकी एक, थॉर, पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच थॅनोसचं मुंडकं उडवतो, तेही एका झोपडीत, जखमी म्हाताऱ्याचं. सूड पुरा झाला आणि हाती काहीच लागलं नाही. हा विचारच आहे की, फक्त तो तीन तासांच्या सिनेमाच्या सुरुवातीला येऊन बसलाय. म्हणून 'विचारशून्य' लिहू नका. 'विचारप्रवर्तक'ही नको, तो व्याख्यानमालेचा शब्द. 'आधी विचार, मग आतषबाजी' असं सरळ लिहा.

▪ एक शब्द सगळ्यांच्या नजरेतून सुटला : 'चुटकीसरशी'. आपल्याकडे त्याचा अर्थ सहज, विनासायास. थॅनोसने निम्मी सृष्टी अक्षरशः चुटकीसरशी संपवली. एण्डगेममध्ये मात्र तीच चुटकी वाजवताना बॅनरचा (म्हणजे हल्कचा) हात भाजून निकामी होतो आणि टोनीचा (म्हणजे आयर्न मॅनचा) जीव जातो. एवढ्या दणदणाटात निर्णायक हालचाल दोन बोटांची, आणि 'विनासायास' हा अर्थ तिथेच खोटा पडतो. लेकीला सांगा, दिखाऊ खोडलं तरी चालेल.

▪ (मूळ प्रश्नकर्ती) खोडलं. 'आतषबाजी' मात्र ठेवतेय.