‘मूळचा’, ‘वंशाचा’ की ‘जन्माने’?

भाषांतरवाली: एका पुस्तिकेसाठी चरित्रनोंदी मराठीत करते आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनपाशी अडले. जन्म १७६९, डब्लिन. मी ‘आयरिश वंशाचा ब्रिटिश सेनापती’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेन्सिलीने ‘वंशाचा’ खोडून ‘मूळचा आयरिश’ केलं. मला दोन्ही पटत नाहीत. घराणं आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, पण इंग्लंडहून आलेल्या जमीनदारांचं. मग मूळ कुठलं धरायचं?

दर्यावर्दी: ‘इंग्रज’ लिहा. १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांशी लढला तो आपल्या लेखी इंग्रजच.

भाषांतरवाली: पण नोंदीत आयर्लंडचा उल्लेख हवाच आहे, अडचण तीच.

वरची आळी: ‘मूळचा’ इथे चुकतंच. मराठीत ‘मूळचे कुठले?’ विचारलं की माणूस जन्मगाव सांगत नाही. माझा जन्म गिरगावातला, वडिलांचाही. तरी लग्नकार्यात कुणी विचारलं की तोंडातून ‘मूळचे देवरुखचे’ हेच येतं. तिथे आता आमचं घरही उरलेलं नाही. लिओ वराडकर बघा. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील मुंबईचे डॉक्टर. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. आपल्या हिशेबाने ते मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे, आडनावातच गाव आहे. मग वेलिंग्टन ‘मूळचा इंग्लंडचा’ होईल, बाईंनी केलंय त्याच्या बरोबर उलट!

मालवणी: २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असतानाच ते वराडला येऊन गेले. आमच्याकडे त्यांना कुणी ‘भारतीय वंशाचे’ म्हणत नाही, ‘आमच्या गावचे’ म्हणतात. ‘वंशाचा’ हा वर्तमानपत्री शब्द. घरात वंश म्हणजे कुळाचा दिवा, देश नव्हे.

जुना कारकून: वर्तमानपत्रात रुळलेला शब्दही मराठीच. ॲनी बेझंट लंडनमध्ये जन्मल्या, पण आपलं तीन चतुर्थांश रक्त आयरिश असल्याचं अभिमानाने सांगत. त्यांना ‘आयरिश वंशाच्या’ नाही म्हणायचं तर काय? ‘आयरिश विदुषी’ एवढंच लिहिलं तर वाचणारा जन्म डब्लिनचा समजतो. माझी लेक तसंच समजत होती.

भाषांतरवाली: हे पटलं. पुढची नोंद एडवर्ड डी बोनो यांची. जन्म १९३३, माल्टा, तेव्हा ब्रिटिश वसाहत. ‘माल्टीज’ लिहू?

शब्दपाखरू: नको! ते इंग्रजीचं शेपूट आहे. जपानी, चिनी, इराणी तसं ‘माल्टी’. आणि माल्टाची माणसं स्वतःला आणि आपल्या भाषेला ‘माल्टी’च म्हणतात. ती भाषा अरबीच्या कुळातली, रोमन लिपीत लिहिली जाते. ‘अरबी’मधला ‘ई’ तोच हा.

दर्यावर्दी: मग ‘आयरिश’चं शेपूट कुठलं? तेही काढा.

शब्दपाखरू: काढावंच. ‘आयर्लंडचा’ म्हणा.

जुना कारकून: आणि ‘इंग्रज’? तो तरी कुठे आपला? पोर्तुगीजांकडून आला, डचांसाठीच्या ‘वलंदेज’सारखाच. बखरकारांनी ऐकला तसा लिहिला, पुढे स्कॉटलंडचा एल्फिन्स्टनही इंग्रज झाला. वापरात आला की शब्द आपला. ‘माल्टी’ वाचून कुणाला काही कळणार नाही.

शब्दपाखरू: लिहीत राहिलं की कळतं. ‘वलंदेज’ आज किती जणांना कळतो?

मालवणी: वेंगुर्ल्याला या. डच वखार लोक अजून दाखवतात.

वरची आळी: भगिनी निवेदितांचं काय करायचं? जन्म १८६७, डंगॅनन. गाव तेव्हा ब्रिटिश राज्यातच होतं. १९२१ ला फाळणी झाली, ते उत्तर आयर्लंडमध्ये गेलं, म्हणजे आजही ब्रिटनमध्येच. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथला माणूस स्वतःला आयरिश म्हणवू शकतो, ब्रिटिश म्हणवू शकतो, दोन्हीही. मग त्यांच्या नावामागे आपण कुठला शब्द लावायचा, हे कुणी ठरवायचं?

भाषांतरवाली: निवेदिता माझ्या यादीत नाहीत. वेलिंग्टनच्या नोंदीत ‘मूळचा’ खोडते. ‘डब्लिनमध्ये जन्मलेला’ एवढं पुरेल का?

जुना कारकून: ‘वलंदेज’ मोल्सवर्थच्या शब्दकोशात पाहून सांगतो, थांबा.