लेकराला दर रविवारी काट्यावर उभं करणाऱ्या बापाला उत्तर

गोदाकाठची, नांदेड
परवा इथं लातूरच्या एका बापाची पोस्ट सगळ्यांनी डोक्यावर घेतली. बाप चाळिशीचा, पोरगा अकरा वर्षांचा. दोघांनी मिळून वजन उतरवलं, बापानं १४ किलो, लेकानं ५. फ्रिजवर तक्ता, दर रविवारी सकाळी दोघं काट्यावर, आणि ज्याचं कमी उतरलं त्यानं आठवडाभर दुसऱ्याचे बूट पुसायचे. खाली नुसत्या टाळ्या आणि 'सलाम या बापाला'. मला वाचून संताप आला. तिथं दोन ओळीत मावेना म्हणून वेगळा धागा काढला.

अहो, चाळिशीतल्या माणसाची उंची वाढत नसते. त्याला वजन उतरवण्यावाचून इलाज नाही. अकरा वर्षांचं लेकरू वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. त्याचं वजन आहे तिथं थोपलं तरी ते आपसूक सडपातळ होत जातं. फारच जाड असलं तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर बघतील. म्हणजे तुमच्या दोघांचा खेळच वेगळा आहे, आणि तुम्ही त्यात पैज लावली! या पैजेत बाप जिंकला तर लेकरू बूट पुसणार. लेकरू जिंकायचं म्हणलं तर शनिवारी रात्री उपाशी झोपणार.

असं होत नाही म्हणता? माझी भाची नीटच्या तयारीला लातूरला होती. तिचे पप्पा गमतीनंच म्हणायचे, 'आमचं वजनदार व्यक्तिमत्त्व आलं'. पोरगी डबा मैत्रिणींना वाटून टाकायची. क्लासमधे चक्कर येऊन पडली तेव्हा घरी कळलं. वजन उतरलं होतं, सगळे कौतुक करत होते. पाळी थांबलेली कुणाला दिसली नाही.

बापलेकानं मिळून करण्याला माझा विरोध नाही. काट्याला आहे.

औसा_रोड
मीच तो बाप. ताई, आमच्या घरातलं तुम्हाला काय माहीत? माझे वडील पन्नाशीत गेले. शुगर, मग पाय कापला, मग किडनी. मी स्वतः गोळ्यांवर. आणि पोराच्या मानेवर काळा पट्टा यायला लागला. आम्ही मळ समजून घासत बसलो, बायकोनं तर दगड आणून घासला. बालरोगतज्ज्ञांनी एकदा मान बघितली, एकदा माझं पोट बघितलं आणि म्हणाले, हा मळ नाही, अंगात इन्सुलिन जास्त व्हायलंय त्याची खूण आहे. आणि याला एकट्याला पथ्य सांगून उपयोग नाही, तुम्हालाही पाळावं लागेल.

मग पाळलं. थंड पेय घरात बंद. २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते, पोरानं स्वतः वाटीत काढून बघितली. रात्री जेवण झालं की दोघं चालायला. जेवताना मोबाईल नाही, माझाही नाही. गव्हाची पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली. पैज मी लावली नाही, पोरानं लावली. बूट बहुतेक वेळा मीच पुसले. तुमच्या भाचीचं वाईट वाटलं, पण तिचं माप माझ्या पोराला लावू नका.

बहात्तरचा, केज
तुमी सगळी पोट भरलेली माणसं. आमी बहात्तरच्या दुष्काळात मदतीत मिळालेली सुकडी खाऊन जगलो. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती, तिची भाकरी गिळत नव्हती तरी गिळली. माय रोजगार हमीवर खडी फोडायची. तिला पुढं नातू झाला, चांगला गुबगुबीत. त्याला मांडीवर घेतलं की मनायची, माझं सगळं फिटलं. आता तुमी त्याच वयाच्या लेकराच्या हातातला घास मोजायलेत. खाऊ द्या ओ. कामाला लावा, जिरतंय आपोआप.

वाढीचा_तक्ता
काका, मी बाल-ओपीडीत आहारतज्ज्ञ आहे. 'कामाला लावा' हे खरंच बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, मोठ्यांना आठवड्याला किमान १५०. पण आताच्या नातवंडांना काम कोणतं आहे? शाळा, मग शिकवणी, मग मोबाईल. सुकडी खाल्लेल्या आजीच्या हातानं तूप वाढलं जातं आणि लेकरू दिवसभर बसून असतं. तिची माया समजते मला, पण रिपोर्ट मायेनं बदलत नाही.

बाकी दोघांनाही सांगते. लेकराचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, बापाच्या तक्त्यावर वाचायचा नसतो. वय आणि मुलगा-मुलगी बघून वाचतात, त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत. म्हणून गोदाकाठची यांचा मुद्दा धरण्यासारखा आहे. पण मानेचा काळा पट्टा बघून हलणारा बाप मला महिन्यातून एखादाच दिसतो, त्यामुळे त्यांना इतकं झोडपू नका. काटा दवाखान्यात राहू द्या, दोन-तीन महिन्यांनी उंचीसकट मोजू.

दोन_वेळा_५५
एवढं कशाला? डाएटवाले डॉ. दीक्षित सर आपल्या लातूरलाच मेडिकलला होते, त्यांचं ऐका. दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांत आटपायचं, मधे काही नाही. आमच्या घरात सासू, नवरा, मी, पोरं सगळे करतो. गुडघे मोकळे झाले.

वाढीचा_तक्ता
पोरं? डॉ. दीक्षित स्वतःच सांगतात की अठराच्या आतल्यांसाठी हे नाही.

दोन_वेळा_५५
आमची पोरं ठणठणीत आहेत. तुम्ही तुमचे तक्ते बघा.

गोदाकाठची
हेच मी म्हणत होते! मोठ्यांचं पथ्य लेकराच्या गळ्यात.

पिठाची_गिरणी, परभणी
भांडण चालू द्या, मला एकच खटकलं. औसा रोडवाले भाऊ, 'पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली' आणि वजन उतरलं, हे दोन्ही एका दमात लिहू नका. गव्हाचं पीठ घ्या की ज्वारीचं, १०० ग्रॅमला सव्वातीनशेच्या आगंमागंच कॅलरी. भाकरीनं कुणी बारीक होत असतं तर आमचं गाव काडीसारखं असतं. भाकरीवर करडईचं कच्चं तेल, शेंगदाण्याची चटणी, हे कोण धरणार हिशोबात? मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या जवळ गेलं. तुमचं वजन बाटली बंद केल्यानं आणि चालल्यानं उतरलं. ज्वारीला फुकट श्रेय.

औसा_रोड
मग तुम्ही गिरणीवाले असून ज्वारीच्या विरोधात?

पिठाची_गिरणी
विरोधात नाही ओ. ज्वारीवर घर चाललंय. इथल्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' काढली, खा की, चांगलीच आहे. भाकरीनं पोट लवकर भरतं हेही खरं. पण २०२३ ला भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हापासून लोक औषधासारखी मागायलेत. रेशनला मुख्यतः गहू-तांदूळ, तोही फुकट. गरिबानं कालपर्यंत ज्वारी खाल्ली ती आता त्यालाच परवडत नाही, आणि बंगल्यातले लोक गिरणीवर येऊन मालदांडी ज्वारीच आहे का म्हणून विचारतात.

मूळ_जालना_मुक्काम_पुणे
आम्ही ऑनलाइन सेंद्रिय ज्वारीचं पीठ मागवतो, अर्ध्या किलोच्या पाकिटात. मुलाला सवय लागली. सगळं मनावर आहे.

पिठाची_गिरणी
अर्ध्या किलोच्या पाकिटात! भाऊ, तुम्ही फक्त डिसेंबरात हुरड्याला येत जा. मनाचं आम्ही बघतो.

मूळ_जालना_मुक्काम_पुणे
हुरडा माझ्या स्वतःच्या शेतातला असतो, तुमच्या बापाच्या नाही. विषय वजनाचा आहे.

थापून_थकले
विषय वजनाचाच आहे ना? मग मी बोलते. सकाळपासून वाचतेय, बापलेक, बापलेक. भाकरी थापली कुणी? बारा-पंधरा भाकऱ्या, चुलीपुढं नसलं तरी गॅसपुढं, एप्रिल-मेमधे पारा ४२ च्या वर असताना. पोळ्या करून डब्यात झाकून ठेवता येतात. ज्वारीच्या भाकरीला गरम-गरम मागणी, म्हणजे प्रत्येकाच्या जेवायच्या वेळेला मी परातीपाशी. माझ्या मालकांनीही असंच 'आपण सगळे हेल्दी होऊ' काढलं होतं. त्यांना वेगळी भाजी बिनतेलाची, सासऱ्यांना मऊ, पोराला 'हे नको'. मी उभ्या-उभ्या उरलेलं खायची, शिळा भात, पोराच्या ताटातलं राहिलेलं. त्यांचं उतरलं, माझं वाढलं. फोटो दोघांचाच टाकला.

औसा रोडवाल्या भाऊंच्या पोस्टमधे पोराची आई एकदा तरी आली का? आत्ता आली ती दगड घेऊन मान घासायला.

औसा_रोड
माझ्या बायकोला यात ओढू नका. तिला काही अडचण नाही.

थापून_थकले
विचारलं का?

औसा_रोड
तुम्ही सगळ्या मिळून एका बापाला धरलंय. काही नाही केलं तर बेजबाबदार, केलं तर काटा, काटा सोडला तर भाकरी. दुसऱ्या दिवशी येऊन पोळी का खाता म्हणाल.

बहात्तरचा, केज
बाईमाणसानं भाकरी थापली तर काय झिजतंय? आमच्या माईनं खडी फोडून येऊन थापल्या.

थापून_थकले
काका, तुमच्या माईला कुणी विचारलं होतं का, की तिचे गुडघे दुखतात का?

बहात्तरचा, केज
दुखायचे. तेल लावायचो मी. बरं ऱ्हाऊ द्या आता.

सिडकोतली_आई, संभाजीनगर
भाकरीचं झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येते. मी मुलीसोबत पहाटे गोगाबाबा टेकडी चढते. ती तेरा वर्षांची आहे. काटा घरात नाही, मीच भंगारात दिला, कारण माझ्या आईनं मला आयुष्यभर मोजलं. मला विचाराल तर बरोबर असण्यात खरी गंमत आहे. मला दम लागतो, ती वर बसून हसते. घरी एवढं बोलणं होत नाही. पण एक सांगते, माझी मुलगी बारीक झालेली नाही. तिला धाप लागायची ती बंद झाली, झोप नीट लागते, एवढंच. हे टाकायला माझ्याकडे आधी-नंतरचे फोटो नाहीत म्हणून इथं टाळ्या मिळणार नाहीत.

आणि टेकडी सगळ्यांना नसते. आमच्या शाळेचं मैदान पाचला कुलूपबंद. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, ते कुलूप लावायला का? गेटला चिकटून टपऱ्या आहेत त्या वेगळ्याच. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचा माल विकू नये असा २०२० चा नियम आहे, आमच्याकडे तर शाळेच्या भिंतीचाच आधार घेऊन टपरी उभी आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, ते आमच्या अखत्यारीत नाही.

दोन_वेळा_५५
पुडीवाल्याला हाकलून काय होणार? पोरं पुढच्या चौकातून घेतील.

सिडकोतली_आई, संभाजीनगर
पुढच्या चौकापर्यंत चालतील तरी.

गोदाकाठची
हे बरंय. औसा रोडवाले, मान घासत बसण्यापेक्षा तुम्ही दवाखाना गाठला आणि स्वतःच्या हातातला मोबाईल ठेवला, याबद्दल मी टाळी वाजवते. एका हातानं. तक्ता काढा.

औसा_रोड
काढतो. तेवढ्यानं तुमची झोप लागत असेल तर. डॉक्टरकडं तीन महिन्यांनी जाऊ. पण चालताना पावलं मोजणार, ते मोबाईलवर मोजणार आणि त्याच्यावर पैजही लावणार. ते पोराला आवडतं. आणि बायकोला विचारलं. ती म्हणाली, रात्री चालायला मलाही न्या, भांडी आल्यावर तिघं मिळून घासू. आता यावरही कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा.

थापून_थकले
यावर नाही.

मूळ_जालना_मुक्काम_पुणे
शेवटी मनावरच आलं ना सगळं?

पिठाची_गिरणी
मनावर काय! ज्वारी खावी का, थापावी का, यावर सकाळपासून रण माजलं, पेरायची कुणी हे एकानंही विचारलं नाही. खरिपातली सोयाबीननं खाल्ली. रब्बीची राहिली, तर काढणीला माणूस मिळत नाही, उपटून-बांधून-मळून हात सोलून निघतात, कोवळ्या दाण्यावर पाखरं राखायची ती वेगळीच. सोयाबीनला मशीन आहे. आमच्या शिवारात ज्वारी आता कडब्यासाठी पेरतात, जनावरं आहेत म्हणून. उद्या जनावरं विकली की तीही गेली. मग खा ऑनलाइन.

थापून_थकले
पेरा की तुम्ही. कडबा तुमचा, भाकरीपण तुमचीच थापा.