विंडोजवर फ्लटर बसवताना: टूलचेन, एम्युलेटर आणि आयफोन

प्रश्न
नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यासाठी मी फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड, आयफोन व वेबसाठी ॲप बनवण्याचे साधन) ॲप तयार करत आहे. आमच्या विक्री प्रतिनिधींना व्यापाऱ्यांची मागणी फोनवरच नोंदवता यावी, हा त्यामागचा हेतू आहे. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅमचा आहे. फ्लटर डॉक्टर (सगळे नीट बसले आहे का हे तपासणारी कमांड) चालवल्यावर अँड्रॉइड टूलचेनखाली (अँड्रॉइड ॲप बनवायला लागणाऱ्या साधनांचा संच) ‘सीएमडीलाइन-टूल्स’ नसल्याची सूचना येते आणि व्हिज्युअल स्टुडिओपुढे लाल फुली दिसते. एम्युलेटर (संगणकावर चालणारा आभासी फोन) सुरू केला की लॅपटॉप हँग होतो. शिवाय काही व्यापाऱ्यांकडे आयफोन आहेत. त्यांच्यासाठीचे ॲप याच लॅपटॉपवर तयार होईल का?

उत्तर १
व्हिज्युअल स्टुडिओची फुली खुशाल राहू द्या. विंडोजचे डेस्कटॉप ॲप करायचे असेल तरच तो लागतो. टूलचेनचे काम मात्र टाळता येणार नाही: अँड्रॉइड स्टुडिओतील (अँड्रॉइड ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर) एसडीके मॅनेजरमध्ये ‘एसडीके टूल्स’ या टॅबवर जाऊन ‘कमांड-लाइन टूल्स’पुढे (हेच ते ‘सीएमडीलाइन-टूल्स’) टिक करावी, ते डाउनलोड झाल्यावर फ्लटर डॉक्टरची कमांड ‘अँड्रॉइड-लायसन्सेस’ हा पर्याय जोडून पुन्हा चालवावी आणि परवाने वाचून प्रत्येकाला ‘वाय’ असे उत्तर द्यावे. फ्लटरचे फोल्डर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असल्यास ते दुसरीकडे हलवावे, कारण तिथे फाइल बदलण्यासाठी ॲडमिनची परवानगी लागते. हलवल्यानंतर पाथमधील (विंडोज कमांड जिथे शोधते त्या फोल्डरांची यादी) फ्लटरच्या ‘बिन’ फोल्डरची नोंदही बदलावी.

उत्तर २
८ जीबी रॅमवर अँड्रॉइड स्टुडिओ, ग्रेडल (कोडपासून अँड्रॉइड ॲप तयार करणारे साधन) आणि एम्युलेटर एकाच वेळी चालवण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी साधा अँड्रॉइड फोन जोडावा. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केल्यावर डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या फोनवर ॲप चालवून तपासण्याची सोय) सुरू करावे आणि फोनवर विचारणा आली की परवानगी द्यावी. फोन यादीत दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी, कारण काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. पहिल्या बिल्डला (कोडपासून ॲप तयार होताना) ग्रेडल बरेच काही डाउनलोड करते, तेव्हा ते मध्येच बंद करू नये. पुढे हॉट रीलोडमुळे (ॲप चालू असतानाच नवा कोड त्यात घालण्याची सोय) बदल लगेच दिसतात.

उत्तर ३
आयफोनसाठी एक्सकोड (ॲपलचे ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर) लागतो आणि तो केवळ मॅकवर चालतो, त्यामुळे विंडोजवर ते बिल्ड होणार नाही. डार्टमधील (फ्लटरची प्रोग्रामिंग भाषा) कोड बहुतांशी तोच राहतो, म्हणून आताची मेहनत वाया जाणार नाही. परंतु ॲप स्टोअरवर देण्यासाठी ॲपलचे वर्षाला ९९ डॉलरचे सदस्यत्वही घ्यावे लागते. नोंद तुमचे प्रतिनिधीच करणार असतील तर त्यांच्या अँड्रॉइड फोनपुरते ॲप आधी पूर्ण करावे आणि आयफोनवाल्या व्यापाऱ्यांना आपली मागणी पाहण्यासाठी फ्लटरचेच वेब बिल्ड (ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती) द्यावे. ते आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये उघडते.